कोकणच्या आमदारांनो, एक रस्ता अरुंदच राहू द्या

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सन्माननीय आमदारांस,

स. न. वि. वि.

दर डिसेंबरात आपली चुकामूक होते. तुम्ही हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला यायला निघता आणि त्याच सुमारास मी सायकल पोत्यात गुंडाळून तुमच्या मुलखाकडं निघतो. तुम्ही आमदार निवासात उतरून आमच्या थंडीला नावं ठेवता, तेव्हा मी श्रीवर्धनात नाहीतर आचऱ्यात कुणाच्या तरी पडवीत घाम पुसत बसलेला असतो. तुम्हाला १९५३ च्या नागपूर करारामुळं इकडं यावं लागतं. मला तिकडं यायला कुणी भाग पाडत नाही, तरी गेली आठ वर्षं येतो आहे. यंदा गुडघ्यानं रजा मागितली म्हणून घरीच आहे, आणि तुम्ही माझ्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर बसला आहात. एवढे सगळे एका जागी पुन्हा कधी सापडणार? म्हणून हे पत्र.

मी महालात राहतो. वय ५८, सगळी नोकरी खतावण्या जुळवण्यात गेली. माझी सायकल शर्यतीची नाही. लोखंडी फ्रेम, मागं कॅरिअर, दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात दोन कपडे, पंक्चरचं सामान, एक पातळ चादर आणि घरून दिलेल्या शेवेचा डबा. सपाटीवर तासाला पंधरा किलोमीटर जातो, चढाला चार. चढाला माझ्या पुढून कोंबडी निघून गेलेली आहे.

तुमच्याकडं येणारा जो तो रस्ता रुंद करा असं निवेदन घेऊन येत असेल. मी एक रस्ता अरुंद ठेवा असं सांगायला बसलो आहे.

रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेनं जाणारा. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ मध्ये मुख्यमंत्री असताना या सागरी मार्गाचा विचार पुढं आला असं तुमच्याकडची जुनी माणसं सांगतात, आणि त्याचा उल्लेख निघाला की रायगडात अजूनही आवाज जरा चढतो. पण खरं सांगायचं तर हा एक रस्ता नाहीच. ही गोधडी आहे. एक ठिगळ राज्य महामार्गाचं, दुसरं जिल्हा मार्गाचं, तिसरं कुठल्या तरी वाडीचा गावरस्ता. मध्येच रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तिथं फेरीबोटीची वाट बघायची आणि पलीकडं पुन्हा डांबर धरायचं. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, कर्ली: भूगोलाच्या तासाला आम्ही घोकलेल्या या सगळ्या नद्या या रस्त्याला आडव्या येतात, आणि प्रत्येकीच्या मुखाशी खाडी.

आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला या रस्त्याचं गणित समजायलाच दोन वर्षं लागतात. आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ चढून स्वतःला डोंगरी समजणारे लोक. माझा एक मित्र दर वर्षी विचारतो, "काहून जातं बे एवढ्या दूर? रामटेकचा गड नाई का आपला?" रामटेकचा गड एकदा चढला की झाला. तुमच्याकडं खाडीच्या काठावरून, म्हणजे शून्यातून, सुरुवात होते. नारळी-पोफळीची गच्च सावली, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती, म्हणजे गडगे, मग घाटी. दोन-तीन किलोमीटरांत शंभर-दीडशे मीटर वर. वर पोचलं की एकदम आभाळ उघडतं आणि सडा लागतो, काळाकरपट कातळ, वाळलेलं गवत, लांब समुद्राची रेघ. सड्यावर पाच-सहा किलोमीटर जीव हलका होतो, की लगेच उतार. उतार इतका की ब्रेक दाबून रिम तापते. मी मध्येच थांबून बोट लावून बघतो, चटका बसला की तिथंच काजूखाली दहा मिनिटं बसायचं. आणि खाली पुन्हा खाडी, पुन्हा शून्य. एका दिवशी मी बासष्ट किलोमीटरांत सगळे चढ मिळून अकराशे मीटर चढलो आणि संध्याकाळी मुक्कामाला होतो समुद्रसपाटीवरच. खतावणी लिहिणाऱ्याला हा हिशेब फार आवडतो. दिवसभर जमा, दिवसभर खर्च, आणि शिल्लक शून्य.

एवढं करून मी येतो कशासाठी, हे सांगितल्याशिवाय माझी मागणी तुम्हाला पटणार नाही. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून जाणारा रस्ता घ्या. समुद्राला इतका लगटून जातो की भरतीच्या वेळी लाटेचा आवाज आणि टायरचा आवाज वेगळा काढता येत नाही. त्या रस्त्यावर एका सकाळी दीड तासात मला भेटलेली सगळी वाहनं मी मोजली. दोन दुचाक्या, एक मासळीचा टेम्पो, एक एस. टी. ड्रायव्हरनं एस. टी. थांबवून विचारलं, "पंक्चर?" मी म्हटलं, नाही, नुसता बघत उभा आहे. त्यानंही एक मिनिट इंजिन बंद करून बघितलं. प्रवाशांपैकी कुणी कुरकुरलं नाही, हे मला आजही खरं वाटत नाही.

किंवा आंजर्ल्याच्या अलीकडचा आडे-पाडल्याचा तुकडा. किंवा पूर्णगडची खाडी ओलांडून गावखडीवरून कशेळीकडं जाणारा. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, इतका मोठा की शेजारी उभं राहून तो दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मला ती यादीमुळं कळली नाहीत. सड्यावर चाकात हवा भरत बसलो होतो, गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी हात धरून नेऊन दाखवली. मोटारीत असतो तर काच खाली केली नसती, आजोबाही थांबले नसते.

आता अरुंदपणाचा मुद्दा. तो भावनेचा नाही, मापाचा आहे. रस्त्याच्या मापात एकपदरी म्हणजे पावणेचार मीटर, मधला साडेपाच, दुपदरी सात. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर समोरून वाहन आलं की दोघांपैकी एकाला एक चाक साईडपट्टीवर घ्यावंच लागतं. म्हणजे वेग कमी करावाच लागतो. म्हणजे माणसं एकमेकांकडं बघतात, हात करतात, "जा तुम्ही आधी" म्हणतात. अशा रस्त्यावर मोटार माझ्या मागं आली तर ती मागंच राहते, वळण संपेपर्यंत. तोच रस्ता सात मीटरचा केला की वळण तेच, दरी तीच, पण मोटारीला वाटतं आता सगळ्यांना जागा आहे. ती ऐंशीच्या वेगानं माझ्या कोपराला वारा देऊन जाते. जागा वाढली तसा माझा वाटा कमी झाला. माझ्या आठ वर्षांत मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा नव्यानं रुंद केलेल्या तुकड्यावर, जिथं डांबराची कड साईडपट्टीपेक्षा वीतभर उंच ठेवून कुणी तरी बिल काढून घेतलं होतं. खांदा अजून थंडीत बोलतो.

मुंबई-गोवा महामार्गावरून मी शक्यतो जात नाही. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चाललं आहे आणि त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! पण तो रुंद व्हायलाच हवा, लवकर व्हायला हवा, कारण तो रुंद आणि वेगवान झाला तरच बाकीची गर्दी समुद्राकाठचा रस्ता सोडेल. आमच्याकडं समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटरचा. त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही आहे. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. वेगाच्या रस्त्यावर वेगाची वाहनं जावीत. मात्र मग संथ रस्ता तरी संथ राहू द्या.

मैलाचे दगड हा माझा जुना छंद, झिरो माईलच्या गावचा असल्यामुळं असेल. डोक्यावर पिवळा रंग असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्याचा, आणि नारिंगी असला तर गावरस्ता. नारिंगी दगड दिसला की मी मनातल्या मनात दोन गिअर हलके करतो. आता ट्रक नाही, हॉर्न नाही, फार तर म्हशी. रंगही आमच्या संत्र्याचा. तुमच्या किनाऱ्याला असे नारिंगी तुकडे अजून बरेच आहेत आणि माझा जीव त्यांच्यावरच आहे.

कारण आता गोधडी सांधायचं काम निघालं आहे. रस्ते विकास महामंडळानं सागरी मार्गाची आखणी हाती घेतली आहे आणि खाड्यांवर पूल ठरलेले आहेत. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर. बाणकोटच्या खाडीत एका अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षं उभे आहेत आणि बागमांडल्याहून वेशवीला जाताना फेरीबोटीतून दिसतात. त्यांच्यावर बगळे बसतात. पहिल्या वर्षी मला ते दृश्य चांगलं वाटलं होतं.

चांगलं का वाटू नये, ते मला एका फेरीवर कळलं. मी कठड्याला सायकल टेकून समुद्र बघत होतो आणि शेजारच्या काकींना उत्साहानं म्हणालो, पूल झाला की ही मजा जाणार. त्या मासळीच्या टोपलीवर हात ठेवून शांतपणे बोलल्या. त्यांच्या सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली होती, शेवटची फेरी गेलेली होती, आणि पलीकडचे दिवे दिसत असताना गाडी वळसा घालून न्यावी लागली. सासरे वाचले. "पण तुम्ही बघायला येता, आम्हाला जायचं असतं," एवढंच म्हणाल्या. दाभोळहून पलीकडं धोपावे दगड मारला तर पोचेल असं वाटतं, आणि फेरी नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला यायला शंभर किलोमीटरहून जास्त पडतात. त्या दिवसापासून मी पुलाविरुद्ध अवाक्षर काढलेलं नाही. पूल व्हावेत. लवकर व्हावेत.

पण पूल कागदावर असतानाच दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. नंतर सांगितलं तर कुणी तोडून पुन्हा बांधत नाही. हे आम्ही नागपूरकर अनुभवानं सांगून राहिलो. नागपूरहून जबलपूरला जाणारा महामार्ग मनसरच्या पुढं पेंचच्या जंगलातून जातो. त्याचं चौपदरीकरण निघालं तेव्हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि शेवटी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली. काम सुरू असताना लोक हसले होते, वाघ काय पाटी वाचून खालून जाणार आहे का? वाघ गेला. कॅमेऱ्यात त्याचे फोटो आहेत, चितळांचे आहेत, रानकुत्र्यांचे आहेत. वाघाला सात-आठशे मीटर रुंदीची वाट रस्त्याखालून मिळू शकते, तर माणसाला पुलावर दोन मीटर का मिळू नयेत?

पहिली गोष्ट तीच. खाडीवरच्या प्रत्येक नव्या पुलाला एका बाजूला, वाहनांपासून कठड्यानं वेगळी केलेली दोन मीटरची वाट ठेवा. मी वर्षातून एकदा येईन, ती वाट माझ्यासाठी मागत नाही. पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं, टोपली घेऊन निघालेल्या काकी, संध्याकाळी गळ टाकून बसणारे म्हातारे, यांना चालत पूल ओलांडता येईल. फेरीवर माणूस चालत चढत होता. पूल झाल्यावर त्याच माणसाला रिक्षा करावी लागली तर पुलानं त्याचं काय भलं केलं? आणि उंच पुलावर वारा कसा लागतो ते मला साळावच्या पुलावर कळलं आहे. बाजूनं ट्रक गेला की सायकल त्याच्याकडं ओढली जाते आणि तो पुढं गेला की बाहेर फेकली जाते.

जपानात ओनोमिची आणि इमाबारी या दोन गावांमध्ये बेटांवरून उड्या मारत जाणारा पुलांचा रस्ता आहे, शिमानामी काईदो. डोंगराळ बेटं, खाली समुद्र, गावं मासेमारीची आणि लिंबू-संत्र्यांची. तो १९९९ मध्ये खुला झाला. सुमारे सत्तर किलोमीटर, आणि समुद्रावरच्या मोठ्या पुलांवर सायकल व पायी माणसासाठी वेगळी वाट. बेटांवर उतरलं की साध्या गावरस्त्याच्या कडेला एक निळी रेघ मारलेली आहे, तिच्यामागं जायचं, चुकायला होत नाही. जगभरातून लोक तिथं जातात. मी गेलेलो नाही, माझा पासपोर्टही नाही. पण मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ओनोमिचीहून पहिल्या बेटावर जायला पूल आहे, तरी सायकलवाल्यांना सांगतात की पुलावरून जाऊ नका, अरुंद आहे, फेरीनं जा. पूल झाला म्हणून फेरी मेली नाही. चार-पाच मिनिटांची फेरी, ती आपली चाललेली आहे.

दुसरी गोष्ट त्याच्याशीच जोडलेली आहे. पूल झाला की वाहनांची फेरीबोट बंद पडणार, ते समजतं. रिकामी बोट कुणी का चालवावी? पण प्रत्येक खाडीवर एक लहान होडी तरी राहू द्या. तुमच्याकडं पूर्वी माणसं पलीकडं नेणारी होडी, 'तर', होतीच की. मासेमारी करणाऱ्या एखाद्या घराला सागरी मंडळाकडून परवाना आणि थोडं भांडवल मिळालं तर माणूस आणि सायकल पलीकडं जाईल. आणि ती चालू आहे की बंद, हे धक्क्यावर लिहून लावा. एका खाडीवर मी भर दुपारी तीन किलोमीटर उतरून धक्क्यावर आलो तर बोट दुरुस्तीला गेलेली. पाटी नाही, माणूस नाही, एक कुत्रं होतं. आलो तो घाट परत चढलो. त्या दिवशी मुक्काम ठरल्या ठिकाणी न होता एका देवळाच्या धर्मशाळेत झाला. पुजारीबुवांनी मुगाची खिचडी वाढली आणि वर, बोट सोमवारपासून बंद आहे, गावात सगळ्यांना माहीत आहे, असंही सांगितलं. गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाच तेवढं नव्हतं.

आता जुन्या रस्त्याचं. नवा मार्ग होईल तेव्हा तो घाट्या टाळून, वळणं सरळ करून जाईल, आणि जुना रस्ता वाड्यावाड्यांतून उरेल. हा उरलेला रस्ता कुणाचा? प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. रस्त्याचा दर्जा उतरला की त्याची मालकी बदलते, आणि मालकी बदलली की दुरुस्तीचा पैसा कुठल्या तरी रकान्यात अडकतो. खतावणीवाल्याचा शब्द माना. जे दोन वह्यांमध्ये पडतं, ते कुठल्याच वहीत राहत नाही. आमच्या नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातही रस्ते उखडतात. तुमच्याकडं तीन हजारांवर पडतो. बाजूचा चर एक मे महिना उपसला नाही तर पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि दोन पावसाळ्यांत जांभ्याची लाल माती डांबर गिळते. वेळेवर चर, मोऱ्या आणि खड्डे बघितले तर अरुंद रस्त्याला फार लागत नाही. म्हणून जुना रस्ता वहीतून वगळू नका. त्याच्या दुरुस्तीचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातला रकाना, नव्या मार्गाच्या मंजुरीबरोबरच ठरवून घ्या. तो पावणेचार मीटरचाच ठेवा, गडगे आणि वडाची झाडं आहेत तिथंच राहू द्या, आणि वळणावर एक पाटी लावा की हा संथ रस्ता आहे. एवढंच.

नाही, अजून एक आहे, आणि ती भीती आहे. तुम्ही माझं ऐकलं आणि कुणाच्या तरी डोक्यात सायकल पर्यटन विकास आराखडा शिरला तर काय होईल? हिरवा रंग, फरशीचे ठोकळे, दर दोन किलोमीटरला सेल्फीसाठी हृदयाचा आकार, उद्घाटनाला शंभर सायकली आणि तीनशे मोटारी. आमच्याकडं रस्त्याच्या कडेला सायकलचा पट्टा रंगवला की महिन्याभरात त्यावर पाणीपुरीची गाडी उभी राहते, आणि पाणीपुरी खाताना मीही तिथंच उभा असतो. तसलं काही नको. आरे-वारेचा रस्ता मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वरच्या वळणावर एकटा उभा होतो. मागच्या खेपेला रविवार होता आणि सायकल टेकवायला कठडा रिकामा नव्हता. लोकांनी यावं, का येऊ नये? पण एक वळण गर्दीचं झालं म्हणून सगळी वळणं तशी करायची नसतात.

पैशाचं तुम्ही विचारणारच, म्हणून माझीच वही उघडतो. मागच्या दौऱ्यात अकरा रात्री, अकरा वेगवेगळी गावं. सायकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरच जातो, त्याला तुमच्या दर गावात भूक लागते. घावणे, उसळ, सोलकढी, ताक, पुन्हा दोन तासांनी कोकम सरबत. मोटारवाला मुंबईहून निघून मालवणला जेवतो. मधली पन्नास गावं त्याला काचेतून दिसतात. मी कुठंही हॉटेलात राहिलो नाही, सगळी घरगुती सोय, निवास-न्याहारीची. त्या घरांमध्ये बाई सकाळी विचारते, "पुढचा मुक्काम कुठं?" आणि आपल्या नणंदेचा, मावशीचा फोन नंबर काढून देते. वेळासहून केळशी, केळशीहून कोळथरे, अशी मी नात्यागोत्यावर आख्खी दापोली पार केली. मोठी वसाहत नको, वीस खोल्यांचं रिसॉर्ट नको. रस्ता निवांत ठेवला की ही साखळी आपोआप चालते.

रेल्वेचं तुमच्या हातात नाही, तरी कानावर घालतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालते तेव्हा मी चिपळूणला उतरतो. एरवी मुंबईपर्यंत येऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं, म्हणजे वाहनं वाहून नेणाऱ्या बोटीनं, मांडव्याला. २०२० पासून ही रो-रो आहे आणि तिच्यात सायकल सरळ ढकलत नेता येते, त्यासारखं सुख नाही. गाडीत मात्र सायकल लगेजच्या डब्यात द्यावी लागते, आणि ती माझ्याच गाडीनं येईल की दोन दिवसांनी, हे त्या डब्यात किती जागा आहे यावर. एकदा मी आधी पोचलो आणि सायकल नंतर. चिपळूणला दोन दिवस नुसते बसून काढले, मासे खाऊन वजन वाढलं.

तुमचं अधिवेशन एक-दोन आठवड्यांचं असतं. सभागृहात काय मांडायचं ते तुम्ही ठरवा. मला एवढंच माहीत आहे की पुलांचे नकाशे कुणाच्या तरी टेबलावर आहेत आणि त्यात पायवाटेची रेघ आहे की नाही, हे बघायला पाच मिनिटं लागतील.

आणि सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आधी कुणाला वेळ असला तर आमदार निवासाच्या फाटकाशी मी सहाला येतो. फुटाळ्यापर्यंत सपाट रस्ता आहे, तुमच्या घाट्यांपुढं काहीच नाही. येताना तर्री-पोहे खाऊ. माझ्याकडं दुसरी सायकल आहे, तिची सीट खाली-वर होते.

आपला,
महालातला एक सायकलवाला,
नागपूर